शिकागो, शनिवार सकाळ, संथ ब्लूज

तळघराच्या जिन्यावर पहिला आवाज येतो तो सुराचा नाही. कुणीतरी माऊथ ऑर्गन तळहातावर आपटून त्यातली ओल झटकतं आहे. थप, थप. मग एक लांबलचक सूर, आणि पुन्हा थप, थप. बाहेर शिकागोचा मार्च आहे, म्हणजे रस्त्याकडेला काळा पडलेला बर्फ आणि त्याचं चपलाबुटांना लागणारं पाणी. चर्चच्या या तळघरात हीटर जरा जास्तच चालू आहे. भिंतीवर रविवारच्या शाळेतल्या मुलांची चित्रं, कोपऱ्यात कॉफीचं मोठं भांडं, मधे गोलाकार मांडलेल्या घडीच्या खुर्च्या. भाचा मला त्यातली एक दाखवतो.

"मावशी, तू इथं बस. कुणी विचारलं वाजवतेस का, तर सरळ नाही म्हण. नुसतं 'थोडंसं' म्हणालीस तरी अडकशील."

विचारतात. मी नाही म्हणते. त्यांचा फारसा विश्वास बसत नाही.

दहा-बारा जण जमले आहेत. एक दातांची डॉक्टर, एक पोस्टमन, एक इलेक्ट्रिशियन, दोन निवृत्त शिक्षक, कॉलेजातला एक उंच मुलगा, इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा माझा भाचा. यांतलं कुणी वाजवून पोट भरत नाही, पुढंही भरणार नाही, आणि त्याचं कुणाला वाईट वाटत असल्याचं दिसत नाही. प्रत्येकाच्या मांडीवर खणाखणांचा कापडी पट्टा आहे. त्यात सहा, आठ, बारा हार्प. माऊथ ऑर्गनला इथं सगळे हार्पच म्हणतात, आणि दर पट्टीचा वेगळा घ्यावा लागतो. आज मात्र सगळ्यांच्या हातात एकच आहे, ए पट्टीचा. मागच्या बैठकीत ठरलेला गृहपाठ असा: ई पट्टीतला संथ ब्लूज, मिनिटाला साठ ठोके, प्रत्येकी दोन आवर्तनं. वाजवायचं आणि मग इतरांचं ऐकून घ्यायचं. बोलणाऱ्यानं आधी काय आवडलं ते सांगायचं, नंतर दुरुस्तीची एकच गोष्ट. यादी वाचायची नाही. आपल्याकडच्या पुष्कळ गुरुजनांना हा नियम शिकवायला हरकत नाही.

वाद्य ए चं आणि गाणं ई चं, हे नवख्याला चूक वाटेल. पण ब्लूजचं सगळं मर्म या तिरक्या वापरात आहे. दहा छिद्रांचा हा हार्प जर्मन कारखान्यांतून आला तो लोकगीतं आणि नाचाच्या चाली वाजवण्यासाठी. फुंकलं की घरचे सूर, ओढलं की वाटेतले. ट्रोसिंगेनच्या होनर कंपनीचं 'मरीन बँड' हे मॉडेल १८९६ साली बाजारात आलं. स्वस्त होतं, खिशात मावत होतं, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या वादकांच्या हाती पडलं. त्यांनी फुंकण्याऐवजी ओढण्यालाच घर मानलं. दुसऱ्या छिद्रातून श्वास आत ओढला की येणारा सूर हा आपला षड्ज. असं केलं की ए चा हार्प ई मध्ये बोलायला लागतो, आणि नेमके महत्त्वाचे सूर ओढीवर येतात, जिथं ते वाकवता येतात. कारखानदारांच्या हिशेबात यातलं काहीच नव्हतं.

इलेक्ट्रिशियन गिटार मांडीवर घेतो. पायानं ठोका देतो. प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन मात्रा आहेत, त्यामुळे लय संथ असूनही आत एक झोका चालू राहतो. एका आवर्तनात बारा घरं, म्हणजे बार, प्रत्येकात चार ठोके, एकूण अठ्ठेचाळीस. साठच्या वेगानं एक आवर्तन बरोबर अठ्ठेचाळीस सेकंदांचं. अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा ऐकत मोठ्या झालेल्या माझ्यासारखीला हा वेग काही संथ वाटत नाही, फार तर मध्यलयीच्या जरा अलीकडचा. मी भाच्याच्या कानात तसं म्हणतेही.

"वाजवायला लागल्यावर बोल," तो म्हणतो.

पहिला नंबर कॉलेजातल्या मुलाचा. त्याची तयारी दिसते आहे. बोटं, ओठ, जीभ, सगळं चपळ. गिटारचं पहिलं घर सुरू होतं आणि हा सुटतोच. वर जातो, खाली येतो, सूर वाकवतो, दोन-दोन सूर एकत्र काढतो. रेल्वेच्या डब्यात शिरल्या शिरल्या रुमाल टाकत सुटावं तसा प्रत्येक मात्रेवर काहीतरी टाकून ती धरून ठेवतो. दोन आवर्तनं संपतात तेव्हा त्याच्या कपाळावर घाम असतो.

"चौथ्या घरातला तो वरचा सूर फार सुंदर," दातांची डॉक्टर म्हणते. "आणि दुरुस्तीची गोष्ट, तुझ्याआधी मी दमले."

हशा होतो. मुलगाही हसतो, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसतात. निवृत्त शिक्षकांपैकी एक जण विचारतात, "पाचव्या घरात गिटारचा कॉर्ड बदलला, ते तुला ऐकू आलं का?" तो विचारात पडतो. नाही, आलं नव्हतं. सूर त्याला पाठ होते, म्हणून चुकले नाहीत. पण ऐकायला त्याला वेळच नव्हता. माझ्या मते सबंध सकाळचा हा सगळ्यांत नेमका प्रश्न आहे, आणि तो कुणीही आवाज न चढवता विचारला, हे विशेष.

मग डॉक्टरीणबाई स्वतः. त्या उलट्या टोकाच्या. मोजके सूर, मोठे, भरदार. पहिलं आवर्तन इतकं छान जातं की पोस्टमन डोळे मिटतो. दुसऱ्याच्या मध्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलतो, खांदे वर येतात, आणि सूर पातळ होत होत अचानक तुटतो. त्या हार्प खाली घेतात आणि फुस्सदिशी श्वास सोडतात.

मला वाटतं, दम संपला. पण नाही. भाचा समजावतो की गोष्ट उलटी आहे. या पद्धतीत चांगले सूर सगळे ओढीचे: दुसरं छिद्र, तिसरं, चौथं, पाचवं. म्हणजे वादक जवळजवळ सारा वेळ श्वास आतच घेत असतो. दम कमी पडत नाही, जास्त होतो. छाती शिगोशीग भरते आणि पुढचा सूर ओढायला आत जागाच उरत नाही. जलद गाण्यात मधेमधे फुंकीचे सूर येऊन भार हलका होतो. संथ गाण्यात एकच ओढीचा सूर चार-चार ठोके धरायचा असतो, तिथं हिशेब चुकला की असं होतं.

"नाकातून सोडायला शिक," इलेक्ट्रिशियन म्हणतो. "सूर थांबला त्या क्षणी."

"आणि मुळात एवढा ओढू नकोस," दुसरे शिक्षक म्हणतात. मग त्यांनाच आठवतं की दुरुस्तीची गोष्ट एकच सांगायची. ते हात वर करून माफी मागतात. पण गप्प बसवत नाही. "रीडला इतकी हवा लागत नाही. झोपलेल्या माणसाचा श्वास असतो ना, तेवढी पुरते. आवाज मोठा होतो तो घशाच्या आणि तोंडाच्या पोकळीमुळे, जोरामुळे नाही."

यावर पाच मिनिटं प्रात्यक्षिक चालतं. सगळे जण दुसरं छिद्र ओढतात, अगदी हलकं, आणि धरून ठेवतात. तळघरभर एकच ई घुमतो. कुणाचा वर, कुणाचा जरा उतरलेला, म्हणून त्यात एक गढूळ थरथर आहे. तीही ऐकायला वाईट नाही.

आता त्या गृहस्थांबद्दल, जे आतापर्यंत एक शब्दही बोललेले नाहीत. ऐंशी ओलांडलेले, डोक्यावर लोकरीची टोपी, कानात श्रवणयंत्र. हयातभर शिकागोची सिटी बस चालवली. लहानपणी आईबरोबर मिसिसिपीहून आगगाडीनं इथं आले, त्या काळात दक्षिणेतली लाखो काळी माणसं आली तशीच. माझ्याशी बोलताना भाचा त्यांना 'आजोबा' म्हणतो. तोंडावर अर्थात पहिल्या नावानं हाक मारतो, इथं तशीच रीत आहे. मी अदबीनं विचारते, तुम्ही हार्पवादक लिटल वॉल्टरला प्रत्यक्ष ऐकलंत का? प्रश्न त्यांना नवा नसावा.

"नाही. उगाच सांगणार नाही. मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात वाजवणारे पुष्कळ ऐकले, शेजारच्या घरातून वायर ओढून अ‍ॅम्प्लिफायर लावायचे. पण आई चर्चची. हात धरून पुढं न्यायची. ब्लूज म्हणजे सैतानाचं काम." मग तळघराच्या छताकडे, म्हणजे वरच्या चर्चकडे, बोट करतात. "आता बघा कुठं बसलोय."

तो बाजार १९९४ मध्ये तिथून हलवला गेला, विद्यापीठाला जागा हवी होती. आणि लिटल वॉल्टर, ज्याचं 'ज्यूक' हे शब्दांविना हार्पचं वादन १९५२ साली कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत आठ आठवडे पहिलं होतं, तो १९६८ च्या फेब्रुवारीत एका मारामारीनंतर सदतिसाव्या वर्षी गेला. थडग्यावर नावाचा दगड बसला १९९१ मध्ये. आजोबा हे सगळं एका सुरात सांगतात, बसचे थांबे पुकारावेत तसं नाही, पण खेदही न दाखवता.

पोस्टमनची पाळी. त्यानं फोनवर ट्यूनर लावून समोरच्या खुर्चीत उभा केला आहे. त्याला तिसरं छिद्र शुद्ध वाकवायचं आहे. गेले कित्येक दिवस तो पत्रं टाकता टाकता हाच सराव करतो म्हणे, आणि त्याच्या वाटेवरच्या कुत्र्यांनी भुंकणं सोडून दिलं आहे.

वाकवणं म्हणजे काय, हे इथं सांगायला हवं. हार्पच्या प्रत्येक छिद्रामागं एक खण असतो आणि त्यात दोन रीड, एक फुंकण्याची आणि एक ओढण्याची. ओढताना जीभ मागं घेऊन तोंडातली पोकळी बदलली की ओढीच्या रीडचा सूर उतरायला लागतो, आणि गप्प असलेली दुसरी, खालच्या सुराची रीड कामाला लागते. दोघींच्या ओढाताणीत सूर सरकतो. किती सरकेल ते दोघींमधल्या अंतरावर. चौथ्या छिद्रात जेमतेम एक अर्धस्वर मिळतो, तिसऱ्यात तब्बल तीन. बाहेरून काही दिसत नाही. बोट नाही, कळ नाही, सगळं तोंडाच्या आत. पिट्सबर्गचे हृदयशल्यविशारद हेन्री बान्सन स्वतः हौशी हार्पवादक होते. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर याच प्रश्नावर १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ध्वनिशास्त्राच्या नियतकालिकात शोधनिबंध लिहिला. हौस माणसाला कुठंवर नेईल सांगता येत नाही.

आपली पेटी याच कुळातली, रीडवर बोलणारी. पण तिला हवा मिळते भात्याकडून. रीड आणि तोंड यांची गाठ पडत नाही, म्हणून पेटीला मींड नाही. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली तेव्हाच्या तक्रारींत ही एक होतीच. इथं तळघरात पेटीची ही खिशातली बहीण तिसऱ्या छिद्रावर खुशाल मींड घेते आहे, आणि ती काढणारा पोस्टमन ट्यूनरच्या सुईकडे बघतो आहे.

तो दोन आवर्तनं वाजवतो. सुई शहाण्यासारखी मधोमध राहते. तरी काहीतरी कोरडं आहे. कुणाला नेमकं बोट ठेवता येत नाही. आजोबा घसा साफ करतात.

"मला आवडलं की तू घाई केली नाहीस. आता तो फोन पालथा घाल. या सुरावर सुई मधोमध आली म्हणजे तू ब्लूजमधून बाहेर पडलास."

पोस्टमन वाद घालतो. बेसूर वाजवायचं का मग? नाही, आजोबा म्हणतात, आणि हार्प तोंडाला लावतात. पहिल्यांदाच. तिसरं छिद्र ओढतात. सूर शुद्ध गंधारही नाही आणि कोमलही नाही. दोहोंच्या मधे कुठंतरी आहे, आणि तिथं अवघडून उभा नाही, मुक्कामाला आल्यासारखा आहे. मला एकदम ओळखीचं वाटतं. ज्यांनी श्रुती कानानं ऐकल्या आहेत त्यांना हा गंधार परका नाही. मग ते इलेक्ट्रिशियनला पाचव्या घरातला ए कॉर्ड वाजवायला सांगतात आणि तेच छिद्र पुन्हा ओढतात. या वेळी सूर आणखी उतरलेला, पुरता कोमल.

"कॉर्ड बदलला," शिक्षक भाषांतर करतात, "ई वर हा सूर मधला चालतो. ए वर तो तसाच ठेवलास तर टोचतो, पूर्ण अर्धा स्वर उतरवायला हवा. छिद्र तेच, सूर दोन." पोस्टमन वहीत लिहून घेतो. मघाच्या मुलाला पाचव्या घराबद्दल विचारलेला प्रश्न आता सगळ्यांनाच नीट कळतो. जलद वाजवताना हा फरक वाहून जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही. साठच्या वेगात तो लपत नाही.

यानंतरचा बराच वेळ सामानावर जातो. कुठला मायक्रोफोन, कुठला अ‍ॅम्प. श्युअरचा 'ग्रीन बुलेट' बरा की अ‍ॅस्टॅटिकचा जुना जेटी-३०. मूळचे हे सूचना देण्याघेण्याचे माइक. चाळीसच्या दशकाच्या शेवटी आणि पन्नाशीत शिकागोच्या वादकांनी ते हार्पसकट ओंजळीत घट्ट धरले आणि आवाज मुद्दाम फाटू दिला, म्हणून आज त्यांना मागणी. इथं सगळ्यांचे डोळे चमकतात. आतापर्यंत न बोललेली माणसंही बोलतात. किमती, अ‍ॅम्पमधले व्हॉल्व्ह, कुणी कुठल्या गराज सेलमध्ये काय मिळवलं. मी कॉफी घेऊन येते. संगीताच्या कुठल्याही हौशी मंडळात ही वेळ येते. तबल्याच्या शाईवर आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यावर अशाच चर्चा मी पुण्यात ऐकल्या आहेत. सामानाबद्दल बोलताना कुणाचा सूर लागत नाही हे झाकून जातं, एवढंच माझं मत.

हे आजोबांनाही वाटत असावं. ते काठी जमिनीवर आपटतात. "गाऊन दाखवा कुणीतरी."

कुणीच तयार नसतं. तेव्हा तेच गातात, आवाज कापरा पण लयीत पक्का. शब्द तिथल्या तिथं जुळवलेले: बस काही येत नाही, सकाळपासून उभा आहे. चार घरांतली जेमतेम अडीच घरं या ओळीनं भरतात. मग ते थांबतात आणि हातानं मुलाकडे खूण करतात. तो हार्प उचलतो, पण तोवर जागा संपलेली असते. तीच ओळ पुन्हा. या वेळी मुलगा तयार असतो, तीन सूर वाजवतो. मग तिसरी ओळ: ड्रायव्हर घरी बसलाय, आणि तो ड्रायव्हर मीच आहे. सगळे हसतात. मुलगा हसत हसत दोन सूर वाजवतो आणि थांबतो, कारण हसताना ओढता येत नाही.

"हे बघ," आजोबा म्हणतात, "आत्ता तू पहिल्यांदा ब्लूज वाजवलास."

ब्लूजच्या बारा घरांची रचनाच अशी. चार-चार घरांच्या तीन ओळी, दुसरी बहुधा पहिलीच पुन्हा, तिसरी तिचं उत्तर. दर ओळीनंतर गायक जागा सोडतो आणि वाद्य तिथं बोलतं. गायक मडी वॉटर्सच्या १९५२ च्या 'स्टँडिंग अराउंड क्राइंग' मध्ये लिटल वॉल्टरचा हार्प असाच गाण्याच्या मागं आणि मधे फिरतो. हौशी वादक घरी एकटा, ध्वनिमुद्रित साथीवर सराव करतो, तिथं गाणारा कुणी नसतो. म्हणून सगळीच जागा आपली वाटते आणि तो ती भरत सुटतो. दोष मुलाचा नाही, सरावाच्या खोलीचा आहे. गाणारा माणूस समोर बसवला की अर्ध्या सुरांची गरज आपोआप संपते.

पोस्टमन स्पीकरवर एक रेकॉर्ड लावतो. बिग वॉल्टर हॉर्टनचं 'ईझी', १९५३, मेम्फिसच्या सन कंपनीचं. हार्प, जिमी डेबेरीची गिटार आणि ड्रम, बस्स. शब्द नाहीत. संथ हार्प म्हटलं की यांच्यापैकी प्रत्येक जण आधी हेच नाव घेतो. कोणी बोलत नाही. सुरुवातीला हार्प मोकळा, गोल. आवर्तनं पुढं सरकतात तसा तो दाटत जातो, अ‍ॅम्प्लिफायरला पेलेनासा होतो, एक माणूस एवढासा डबा धरून एवढं वादळ उठवतो आहे यावर विश्वास बसत नाही. आणि वेग? होता तेवढाच. इंचभर वाढलेला नाही. ख्यालात आपण लय वाढवून रंग भरतो. इथं लय जागची हलत नाही, आवाजाचं वजन वाढतं. मला हे नवं आहे, आणि मी ते पुन्हा लावायला सांगते.

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर वाद पेटतो. हे सूर न् सूर उतरवून शिकावं का? डॉक्टरीणबाई म्हणतात, शिकावं, गिरवल्याशिवाय अक्षर येत नाही. पोस्टमन म्हणतो, हॉर्टनची नक्कल करणारे शेकड्यानं आहेत, आणखी एक कशाला. शिक्षक मधे पडतात: 'ईझी' ची चाल तरी हॉर्टनची स्वतःची कुठं आहे? आयव्हरी जो हंटरचं १९५० मधलं गाजलेलं गाणं, 'आय ऑलमोस्ट लॉस्ट माय माइंड', त्याच्यावरच ती उभी आहे. पोस्टमनला हे ठाऊक नव्हतं. तो जरा वेळ गप्प बसतो आणि म्हणतो, "मग तर चाल घ्यावी आणि वजन आपलं घालावं." यावर कुणाचं दुमत होत नाही. सकाळभरात पहिल्यांदाच.

शेवटी भाचा. तो बसूनच वाजवतो, डोळे जमिनीकडे. मावशी समोर असल्याचा परिणाम असेल, पण सुरुवात जपून आहे. पहिली दोन घरं तो नुसती जाऊ देतो. तिसऱ्यात एक सूर. पुढं चौथ्या छिद्रावरून तिसऱ्यावर येताना मधे न थांबता असा घसरत येतो की मी मान हलवते. यमनातली मींड आहे ती. आईकडून, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडून, लहानपणी ऐकलेली. तो बाराव्या घरात संपवतो आणि वर बघतो.

डॉक्टरीणबाईंना फार आवडतं. इलेक्ट्रिशियनलाही. शिक्षकांचं म्हणणं, सुंदर आहे पण हा ब्लूज राहिला का, याची शंका आहे. आजोबांना शंका नाही.

"फार गोड," ते म्हणतात. "प्रत्येक सुरावर तू उशी ठेवतोस. एखादा सूर सरळ येऊन आपटू दे. वाकलेल्या जागेवरूनच सुरू कर, मग सोड. नेहमी वरून खाली घसरत येऊ नकोस."

भाचा मान डोलावतो, पण पटलेलं नाही हे मला दिसतं. मलाही पुरतं पटलेलं नाही. ब्लूजनं जर्मन नाचगाण्यांच्या वाद्यातून कुणी न योजलेला सूर काढला, तर यमनातली मींड त्यात शिरली म्हणून काय बिघडलं? पण मग तो पुन्हा वाजवतो, आजोबा म्हणाले तसं. तिसरं छिद्र आधीच वाकवून धरलेलं, आणि सूर तिथूनच उघडतो. खोलीतली सगळी माणसं एकदम "हो" म्हणतात. त्या एका सुरापुरतं तरी आजोबांचं बरोबर आहे, हे मान्य करायला हवं.

बारा वाजता वरच्या गायकवृंदाला तळघर हवं असतं. खुर्च्या घडी होतात, हार्प पुसून खणात जातात. पुढचा गृहपाठ ठरतो: तोच ब्लूज, तीच पट्टी, वेग साठवरून पन्नासवर. मुलगा हताशपणे हसतो.

वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी कपाटात एखादा जुना माऊथ ऑर्गन असेल. 'सोलवा साल' मधल्या गाण्यात राहुल देव बर्मनचा ऐकून, नाहीतर 'शोले' तल्या जयचा पाहून घेतलेला. तो बाहेर काढलात तर आधी छिद्रं बघा. आपल्याकडे सर्रास मिळतो तो ट्रेमोलो जातीचा, छिद्रांच्या दोन ओळींचा, बहुतेक चोवीस जोड्यांचा. त्यात प्रत्येक रीडचा खण वेगळा असतो, म्हणून सूर असा वाकत नाही. कितीही ओढलंत तरी. त्यावर सिनेमातली गाणी छान निघतात, हा ब्लूज निघत नाही. त्यासाठी दहा छिद्रांचा डायटॉनिक हार्प लागतो. सी किंवा ए पट्टीचा घ्या, दुसरं छिद्र हलकेच ओढा, आणि तो एक सूर चार ठोके स्थिर राहीपर्यंत तिसऱ्याकडे जाऊ नका.